हशामागची साक्ष

एकपात्री प्रयोग म्हटला की मराठी रसिकाला पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' आठवते. एकच कलावंत, जुजबी नेपथ्य आणि आठवणींचा अखंड ओघ. स्वतःचेच आयुष्य विनोदी ढंगाने प्रेक्षकांपुढे मांडण्याची परंपरा अमेरिकेतही आहे. साठच्या दशकातील समलिंगी जीवनाच्या संदर्भात मात्र या परंपरेला करमणुकीपलीकडचे मोल आहे. नाटककार रॉबर्ट पॅट्रिक (१९३७-२०२३) हे त्याचे ठळक उदाहरण.

मूळचे टेक्सासचे पॅट्रिक १९६१ मध्ये मेन राज्यातून घरी परतताना न्यूयॉर्कला उतरले. ग्रीनिच व्हिलेजमध्ये एका देखण्या तरुणाच्या मागोमाग चालत ते कॉर्नेलिया स्ट्रीटवरील 'कॅफे चिनो'त शिरले आणि तिथलेच झाले. जो चिनो यांनी १९५८ मध्ये उघडलेल्या या कॉफीगृहात टेबलांच्या दाटीत चिमुकला रंगमंच होता. नाटक संपले की प्रेक्षकांत टोपी फिरे. जमेल ते नटांचे मानधन!

टाळ्यांऐवजी टाळे

त्या काळी न्यूयॉर्क राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता. १९२७ च्या एका कायद्यान्वये रंगमंचावर हा विषय दाखवणाऱ्या नाट्यगृहाला वर्षभर टाळे ठोकण्याची तरतूद होती. ती १९६७ पर्यंत टिकली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून वगळले, तेही १९७३ मध्ये. अशा वातावरणात पॅट्रिक यांचे 'द हॉन्टेड होस्ट' १९६४ मध्ये 'चिनो'त रंगले. त्याचा नायक समलिंगी होता, वाक्पटू होता आणि शेवटी मरतही नव्हता. ही भूमिका त्यांनी स्वतःच केली.

या नाटकाची कुळकथा पॅट्रिक रंगवून सांगत. चिनो यांनी संहिता थेट कचऱ्याच्या डब्यात टाकली. तेव्हा लॅनफर्ड विल्सन आदी लेखकमित्रांनी 'बॉबचे नाटक होणार नसेल, तर आमचीही होणार नाहीत' असा पवित्रा घेतला, अशी ती कथा. उतारवयात लॉस एंजेलिसमध्ये ते एकटेच रंगमंचावर उभे राहून आठवणी आणि गाणी सादर करू लागले.

विनोदच का?

दुःखाची कैफियत ऐकताना श्रोता न्यायाधीश होतो किंवा दयाळू होतो. हसणारा श्रोता मात्र सांगणाऱ्याच्या बरोबरीला येऊन बसतो. ज्यांना समाजाने आरोपी वा रुग्ण ठरवले होते, त्यांच्यासाठी ही बरोबरी फार मोलाची होती. शिवाय अतिशयोक्ती आणि तिरकस बोलणे ही या वर्तुळाची नित्याची भाषाच होती. ती वगळून सांगितलेली हकिगत उलट कमी खरी ठरली असती.

अर्थात, वारंवार सांगितलेली आठवण घासून गुळगुळीत होते आणि हशाच्या जागा पक्क्या होतात. म्हणून इतिहासकाराने अशी कथन जशीच्या तशी स्वीकारू नयेत. मात्र ती बाजूला सारणेही परवडणारे नाही. ज्या जीवनाची नोंद पोलिसांच्या दप्तरात आणि डॉक्टरांच्या कागदांत अधिक झाली, त्याची आतली बाजू सांगणारे दुसरे साधन फारसे उरलेले नाही.

या हशाला काळी किनारही आहे. जो चिनो यांनी १९६७ मध्ये आत्महत्या केली. पुढच्या वर्षी कॅफे बंद पडला. पॅट्रिक यांच्या 'केनेडीज चिल्ड्रन' या नाटकात बारमध्ये बसलेली पाच माणसे एकमेकांशी न बोलता केवळ स्वगते बोलतात. त्यांतील समलिंगी नट अशाच एका कॅफेची धमाल वर्णने करीत करीत त्याच्या मालकाच्या मृत्यूपाशी येऊन थांबतो. १९७५ मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर पोहोचले. पुढे ऐंशीच्या दशकात एड्सने या पिढीतील अनेक सांगणारे हिरावून नेले. जे उरले, त्यांच्यावर इतरांच्याही आठवणी सांगण्याची जबाबदारी आली.

२०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराने कॉर्नेलिया स्ट्रीटवरील ती इमारत ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर केली. भिंतींना संरक्षण मिळाले. त्या भिंतींआड कोण, कशावर आणि का हसत होते, हे मात्र पॅट्रिक यांच्यासारख्यांनी सांगितले म्हणूनच कळते.