राखीव फळीचे बळ

राष्ट्रीय संघ हरला की खेळाडूंच्या फॉर्मवर तावातावाने वाद झडतात. जिंकला की गुणगानाला उधाण येते. दक्षिण आफ्रिकेतील रग्बीशौकिनांचीही रीत याहून निराळी नाही. परंतु २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेने त्यांना एक वेगळाच धडा दिला. त्यांच्या संघाने उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सला २९-२८, उपांत्य सामन्यात इंग्लंडला १६-१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११ असे नमविले. तिन्ही वेळा अवघ्या एका गुणाने! अंतिम सामन्यातील बाराही गुण एकट्या हँड्रे पोलार्डचे. दुखापतीमुळे मूळ संघात नसलेला हा खेळाडू, दुसरा एक जण जायबंदी झाल्यावर मागाहून बोलाविण्यात आला होता.

संघाचे खरे सामर्थ्य मैदानावरील पंधरा जणांइतकेच त्यांच्या मागे सज्ज असलेल्यांत असते, असे आम्हांस वाटते. हे बळ आपोआप येत नाही. वर्णद्वेषी राजवटीपायी १९८७ व १९९१ च्या विश्वचषकांत या देशाला स्थान नव्हते. १९९५ च्या अंतिम सामन्यातील विजयी पंधरांत चेस्टर विल्यम्स हा एकच गौरेतर खेळाडू होता. २०१९ व २०२३ मध्ये मात्र चषक स्वीकारला तो सिया कोलिसी या कृष्णवर्णीय कर्णधाराने. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाबाहेर ठेवले, त्यांच्यातूनच हे नेतृत्व पुढे आले.

फॉर्म आज असतो, उद्या नसतो. मैदानाची दारे किती जणांना खुली आहेत, यावर संघाचे भवितव्य ठरते. निवडीच्या यादीवर वाद घालणाऱ्यांनी, त्या यादीपर्यंत पोचूच न शकलेल्यांचीही कधी विचारपूस करावी.