तीन आवाजांचा गवई

गेल्या महिन्यात फोन अपडेट झाला आणि माझं एक जुनं ॲप गेलं. चिन्ह अजून दिसतं, पण बोट लावलं की 'हे ॲप जुन्या आवृत्तीसाठी बनवलं होतं' असं सांगून मिटतं. त्यात कमोडोर ६४ या संगणकाची गाणी वाजायची. लेक म्हणाली, "बाबा, यूट्यूबवर असतील की सगळी." आहेत ना. तेच तर दुखणं आहे.

कमोडोर ६४ अमेरिकेत १९८२ साली आला. त्यातली सिड ही आवाजाची चिप बॉब यानेस या पंचविशीच्या आतबाहेरच्या इंजिनिअरनं घडवली. एका वेळी तीनच आवाज. पण प्रत्येकाची लहर वेगळी निवडता येई, स्वर कसा उठेल, किती टिकेल, कसा विरेल हे ठरवता येई, आणि वर एक फिल्टर. आमच्या घरी होता स्पेक्ट्रम प्लस, डेसिबेल्सनं परवाना घेऊन भारतात आणलेला. त्याच्या पोटात एक बीपर, रातकिड्याच्या जातीचा. एका मे महिन्यात मामेभाऊ मस्कतहून कमोडोर घेऊन आला आणि दोन आठवडे आम्ही खेळ सोडून खेळांची सुरुवातीची गाणीच ऐकत बसलो. मग तो गेला, कमोडोरही गेला. पुढची दहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत.

सांगायचं ते १९९९ ते २००८ बद्दल. घरी पीसी आला, मोडेम आला. एक एमपीथ्री उतरवायला अर्धा तास लागायचा आणि ऐन शेवटाला कुणीतरी फोन उचलायचं. सिडच्या फाइली मात्र चार-पाच केबीच्या, डोळ्याची पापणी लवेपर्यंत हजर. हाय व्होल्टेज सिड कलेक्शन नावाचा हौशी लोकांनी जमवलेला साठा होता (अजून आहे, आणि पन्नास हजारांच्या वर गेलाय). मी रात्री घरचे झोपले की त्यातून ओंजळीनं उचलायचो.

या फाइलीत ध्वनिमुद्रण नसतं, हे मला तेव्हा कळलं. तिच्यात आवाजच नसतो. कमोडोरच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला मूळ प्रोग्रॅमचा तुकडा असतो. प्लेअर तुमच्या पीसीत एक खोटा प्रोसेसर आणि एक खोटी चिप उभी करतो आणि तो तुकडा चालवतो, युरोपातल्या गाण्यांसाठी बहुधा सेकंदाला पन्नास वेळा. गाणं दर वेळी नव्यानं म्हटलं जातं. नॉर्वेच्या डाग लेमनं याच सुमारास रीसिड हा खोट्या चिपचा प्रोग्रॅम लिहिला आणि खोट्या चिपला खऱ्या चिपचा घसा लाभला.

शिवाय आवाज एकेक करून बंद करता यायचे. कमोडोरच्या खेळांना संगीत देणाऱ्या रॉब हबर्डच्या गाण्यांत ड्रम आणि बास दोन्ही असतात असं मला वाटायचं. दोन आवाज बंद करून तिसरा ऐकला, तर दोन्ही एकाच आवाजात! बासच्या सुरापूर्वी क्षणभर नुसती खरखर, तोच ड्रम. एकच माणूस डफ वाजवत गातोय, आणि आपल्याला वाटतं की मागे साथीदार बसलेत.

मग दुसऱ्या एका संगीतकाराचं, मार्टिन गॉलवेचं, 'अर्कनॉइड' या खेळातलं गाणं लावलं. ठेका जवळपास गायब. फाइल बिघडली असं समजून तीनदा उतरवली. शेवटी सेटिंगमध्ये दोन चिपांची नावं दिसली, ६५८१ आणि ८५८०. पहिल्या, जुन्या चिपमध्ये एक दोष होता: आवाजाची पातळी बदलली की 'टक' व्हायचं. गॉलवेसारख्यांनी ते टकटक भराभर वाजवून त्यातूनच ठेका काढला. ८५८० मध्ये कंपनीनं दोष सुधारला आणि ठेका मेला. मी ६५८१ वर खूण केली, आणि रात्री दोन वाजता ठेका ढोलासारखा वाजला. आई उठून आली.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराचा हिशोब मात्र अजून बाकी आहे. या गाण्यांसाठी 'थ्रीडी साउंड'वालं महागडं कार्ड लागेलच, असं त्यानं शपथेवर सांगितलं. सगळा आवाज सॉफ्टवेअर घडवत होतं. कार्डानं फक्त तो न्हाणीघरात नेऊन सोडला. 'ही टींटीं ऐकायला इतके पैसे?' म्हणणारे मित्र वेगळेच. तेच आता जुन्या गेमची धून रिंगटोन म्हणून मिरवतात.

प्लेअर आजही मिळतात, ब्राउझरमध्येसुद्धा वाजतात, नाही असं नाही. पण शोधतंय कोण? मुद्रण करून चढवलेलं गाणं समोर आयतं येतं. मूळ गाणं बहुतेक वेळा फिरून फिरून चालूच राहतं, इतकं की कुठलं किती वेळ वाजवायचं याची यादी हौशी लोकांना करावी लागली. व्हिडिओत तीन मिनिटांनी आवाज हळूहळू उतरतो आणि जाहिरात लागते. कुणी 'रिमास्टर' म्हणून घुमारा लावतं, वर स्वतःचे ड्रम घालतं.

परवा लेकीनं 'अर्कनॉइड' लावून दिलं. ऐकलं. ठेका नाही. चढवणाऱ्यानं ८५८० वर मुद्रण केलं असणार. मी सवयीनं सेटिंग शोधायला गेलो. तिथं सबटायटल होतं, गती होती, चित्राचा दर्जा होता.