फरशीखालच्या हीटिंगचा आराखडा

युरोपातल्या थंड देशांत फरशीखाली प्लॅस्टिकच्या नळ्या अंथरून त्यांतून कोमट पाणी फिरवतात. भिंतीवरच्या जुन्या रेडिएटरला बहुधा ६० ते ७० अंश सेल्सिअसचे पाणी लागते. फरशीखालच्या नळ्यांना ३५ ते ४५ अंश पुरतात. म्हणून कमी तापमानाला जास्त कार्यक्षम चालणाऱ्या हीट पंपाशी ही पद्धत छान जुळते.

सुरुवात हिशेबाने होते: भिंती, खिडक्या आणि छतातून किती उष्णता निघून जाते? राहत्या जागेत फरशी २९ अंशांपेक्षा जास्त तापवायची नाही, असे युरोपीय मानक सांगते. खोली २० अंशांवर असेल तर अशा फरशीतून दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट मिळतात. उष्णतेची गळती याहून जास्त असेल तर आधी ती कमी करावी लागते.

मग नळ्यांतले अंतर. २० चौरस मीटरच्या खोलीत १५ सेंटिमीटर अंतराने सुमारे १३३ मीटर नळी बसते. १६ मिलिमीटर नळीचा एक फेरा साधारण १०० मीटरच्या आत ठेवतात, नाहीतर पंपावर ताण येतो. म्हणून इथे दोन फेरे. मोठ्या खिडकीलगत अंतर १० सेंटिमीटर.

नळ्यांखाली इन्सुलेशन हवेच. नळ्यांवर ओतलेला कोबा तापून प्रसरण पावतो, म्हणून भिंतीच्या कडेने फोमची पट्टी लावतात. कोबा ओतण्यापूर्वी नळ्यांना दाब देऊन पाण्याची गळती तपासतात.

वर टाइल उत्तम. जाड गालिचा उष्णता अडवतो.

शेवटी, सगळे फेरे जिथे जोडलेले असतात त्या मॅनिफोल्डवर प्रत्येक फेऱ्याचा प्रवाह जुळवतात. कोबा तापायला काही तास लागतात, त्यामुळे सतत चालू-बंद करण्यापेक्षा तापमान स्थिर ठेवणे सोयीचे पडते.