बंबाला धुराडं होतं

माधवनगरच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : ‘खालच्या बाथरूममधला गॅस गिझर नळ सोडताच पेटतो. वरच्या मजल्यावर तसाच दुसरा बसवला, तर त्यातून टकटक आवाजही येत नाही. सेल दोनदा बदलले. शिवाय थंडीत खालच्याचंही पाणी कोमटच येतं. दोन्ही बदलू का?’

ताई, तूर्त एकही बदलू नका. पहिल्या तक्रारीचं उत्तर गच्चीवर आहे. हा गिझर पाण्याच्या जोरावर पेटतो. आत एक रबरी पडदा असतो. पाणी वाहू लागलं की त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा दांडीला ढकलतो, गॅसची झडप उघडते आणि सेलवर ठिणगी पडू लागते. म्हणजे टकटक ऐकू येऊनही पेटत नसेल तर सेल, सिलिंडर, रेग्युलेटर पाहायचे. टकटकच नसेल आणि सेल नवे असतील, तर आधी पाणी तपासायचं. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ साधारण १ बार दाब देतो. वरच्या गिझरपासून टाकी जेमतेम २ मीटर उंच, म्हणजे दाब फक्त ०.२ बार. खालच्या मजल्याला त्याच टाकीचा दाब दुपटीहून जास्त मिळतो. त्यात गिझरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत टाकीतला गाळ अडकतो. ती जाळी काढून जुन्या टूथब्रशनं धुवा, शॉवरची चाळणीही साफ करा. तेवढ्यानं भागलं नाही तर टाकी उंच करावी लागेल किंवा छोटा पंप बसवावा लागेल.

दुसरी तक्रार गणिताची. ‘६ लिटरचा गिझर’ म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी सुमारे २५ अंशांनी तापवणारा. मोठी ज्योत मिनिटाला १५० किलोकॅलरी देते, त्याहून जास्त नाही. उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच ३० अंशांवर असतं, ते ५५ वर जातं. जानेवारीच्या पहाटे १६ अंशांचं पाणी ४१ वर पोचतं आणि बादलीत पडेपर्यंत आणखी निवतं. पाणी तापत नाही म्हणून आपण नळ पूर्ण सोडतो आणि तिथंच चुकतो. घड्याळ लावून पाहा : १० लिटरची बादली ७५ सेकंदांत भरली, तर मिनिटाला ८ लिटर पाणी चाललंय आणि वाढ १९ अंशांचीही नाही. धार ४ लिटरवर आणा, वाढ ३७ अंशांची होईल. मात्र धार फार बारीक केली तर पडदा सुटतो आणि ज्योत विझते.

ही वाढ वर्षागणिक घटत गेली तर बोअरच्या पाण्याचे क्षार नळीत बसले आहेत असं समजावं. तांब्याच्या तुलनेत तो थर शंभराहून अधिक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो.

गिझरच्या खिडकीतून निळी ज्योत दिसते, तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ‘गिझर’ हा शब्द आइसलँडमधल्या ‘गेयसिर’ या उसळत्या झऱ्याच्या नावावरून आला. १८४६ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ रॉबर्ट बुन्सेन तिथं गेला, झऱ्याच्या विवरात तापमापक सोडले आणि तळाचं पाणी १०० अंशांपलीकडे जाऊनही का उकळत नाही ते शोधलं : वरच्या पाण्याचा दाब त्याला उकळू देत नाही. आणि गॅसमध्ये आधीच हवा मिसळून निळी, धूर नसलेली ज्योत मिळवणारा बर्नरही बुन्सेनच्याच नावाचा! तो प्रत्यक्ष घडवला हायडेलबर्ग विद्यापीठातल्या पीटर डेसागा या कारागिरानं. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव यायलाच हवं.

घरगुती ‘गिझर’ मात्र १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या रंगाऱ्यानं आणला. त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. आपल्या तांबटांनी घडवलेला बंब आठवून पाहा. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर. धूर मधल्या धुराड्यातून वर जायचा आणि बंब असायचा परसात किंवा मोरीपाशी, मोकळ्या हवेत. आज आपण तीच आग बंद बाथरूममध्ये आणून ठेवली आहे. दार-खिडकी लावून अंघोळ केली की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. चक्कर येते आणि आतली कडी काढण्याचं बळही उरत नाही. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच दिलं आहे.

म्हणून ताई, मेकॅनिक येईल तेव्हा त्याच्याकडून आधी एक काम करून घ्या. दोन्ही गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर हलवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी घ्या. ते होईपर्यंत पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला जा.