पुस्तकातले ठाणे, दाराशीचे ठाणे

दिवाळीची सुटी संपली, की सातवीचे इतिहासाचे पुस्तक पेशवाईकडे वळते. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम येते आणि १७३९ हे साल मुले पाठ करतात. या मोहिमेची सुरुवात मात्र आपल्या ठाण्यात झाली. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला म्हणजेच आजचे मध्यवर्ती कारागृह! रोज त्याच्या तटाजवळून शाळेत जाणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असेल? कल्याणकर मुलांना तर दुर्गाडी आहे. १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर शिवरायांच्या आरमाराची उभारणी इथल्याच खाडीत सुरू झाली. पाठांतराने गुण मिळतील, पण इतिहास आपला वाटायला तो पाहावा लागतो. पालकहो, या सत्रात निदान एक रविवार क्लासला सुटी द्या आणि पुस्तक घेऊन मुलांबरोबर बाहेर पडा.