कार्ड गेलंय, की नुसतं गप्प बसलंय?

चँडलरमध्ये रात्रीचे साडेआठ वाजले की साताऱ्यात सकाळचे नऊ वाजतात. ॲरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे आमचं हे साडेबारा तासांचं गणित वर्षभर तेच राहतं. रविवारी याच वेळेला आई-बाबा लॅपटॉपसमोर येऊन बसतात. बाबांची नजर अधू झाली आहे. फोनच्या पडद्यावर त्यांना नातीचा चेहरा ओळखू येत नाही, लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर येतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी लॅपटॉपवरून फोन आलाच नाही. आईने मोबाईलवरून लावला. "अगं, वायफायच गेलं. सेटिंगमध्ये वायफायचं बटणच दिसत नाही. दुकानदार म्हणाला, आतलं कार्ड जळालंय, आता नवीन लॅपटॉपच घ्या."

दुकानदाराला मी लबाड म्हणणार नाही. त्याने सेटिंग उघडलं, तिथे वायफाय नव्हतं, म्हणून कार्ड नाही असं त्याने धरलं. तुमच्यापैकी बरेच जण हेच करतील. पण सेटिंगमधली यादी मशीनमध्ये काय आहे हे सांगत नाही. विंडोजने कोणाकोणाला कामावर घेतलंय हे सांगते. आयपीकॉन्फिग आणि गेटमॅक या नेहमीच्या आज्ञांचंही तसंच. ज्या कार्डाला चालवणारा ड्रायव्हर सापडला, तेवढीच कार्डं तिथे दिसतात. ड्रायव्हर हरवला की धडधाकट कार्डसुद्धा या याद्यांमधून गायब होतं. तेव्हा विचारायला हवं ते थेट मशीनला.

मशीनला याचं उत्तर कसं माहीत असतं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. लॅपटॉपमधली बहुतेक वायफाय कार्डं पीसीआय नावाच्या जोडणीवर बसलेली असतात. लॅपटॉप सुरू झाला की शाळेतल्या बाईंसारखी एक हजेरी होते. या जोडणीत जास्तीत जास्त २५६ मार्ग, प्रत्येक मार्गावर ३२ जागा आणि प्रत्येक जागेत ८ उपविभाग असू शकतात. या पत्त्यांवर एक एक करून विचारणा होते: तू कोण? तिथे कोणी बसलेलं असेल, तर ते आपल्या चिपमध्ये कायमचे कोरलेले दोन आकडे सांगतं. पहिला कंपनीचा, दुसरा त्या मॉडेलचा. जागा रिकामी असेल, तर उत्तरात सगळेच्या सगळे एक येतात, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये चार वेळा एफ. म्हणूनच चार एफ हा क्रमांक कुठल्याही कंपनीला दिलेला नाही. तो 'गैरहजर'साठी राखून ठेवला आहे.

या हजेरीला ड्रायव्हर लागत नाही. कार्डाला काम येवो न येवो, 'हजर' म्हणायला वीज आणि शाबूत चिप पुरते. विंडोजमध्ये ही हजेरी वाचायची आज्ञा आहे पीएनपीयूटिल. आईला मी ती फोनवर अक्षरं सांगून टाइप करायला लावली, तुम्हालाही तशीच सांगते.

विंडोजचं बटण दाबा, सीएमडी लिहा, एंटर. काळी खिडकी उघडेल. तिथे पी, एन, पी, यू, टी, आय, एल. मग एक जागा सोडा. मग उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून ई, एन, यू, एम, आडवी रेघ, डिव्हायसेस. पुन्हा जागा, पुन्हा तिरपी रेघ, प्रॉब्लेम. एंटर. विंडोज ११ वर ही आज्ञा फक्त आजारी उपकरणांची यादी देते. शेवटचा 'प्रॉब्लेम' गाळून त्या जागी 'कनेक्टेड' लिहिलंत, तर जोडलेलं सगळं दिसेल. ती यादी चांगलीच लांब असते, घाबरू नका.

आईला तिरप्या रेघेपाशी पाच मिनिटं लागली. ("झुकलेली म्हणजे कुठल्या बाजूला? माझ्या की तुझ्या?") मग तिने वाचायला सुरुवात केली. "नेटवर्क कंट्रोलर लिहिलंय. खाली पीसीआय, मग व्ही, ई, एन, खाली रेघ, आठ शून्य आठ सहा. मग डी, ई, व्ही, दोन सात दोन तीन."

आठ शून्य आठ सहा ऐकलं आणि मी हसले. आमच्या गावाच्या दक्षिण टोकाला ओकोटिओमध्ये इंटेलचे मोठे कारखाने आहेत. पीसीआय ही जोडणी १९९२ मध्ये इंटेलनेच आणली, आणि स्वतःसाठी क्रमांक घेतला तो ८०८६, आपल्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावाचा. खरं तर हा हेक्साडेसिमल आकडा आहे, नेहमीच्या मोजणीत त्याची किंमत होते ३२,९०२. पण लिहायला ८०८६ छान दिसतो, म्हणून ही गंमत. (आईच्या लॅपटॉपमधली चिप चँडलरमध्येच बनली असं मात्र समजू नका. क्रमांक कंपनीचा असतो, कारखान्याचा नाही.) तुमच्याकडे १०ईसी दिसलं तर रिअलटेक, १४सी३ दिसलं तर मीडियाटेक. आईचं २७२३ म्हणजे इंटेलचं वायफाय ६ एएक्स२००.

म्हणजे कार्ड हजर होतं. जळालेल्या कार्डाने स्वतःचं नाव-गाव इतकं नीट सांगितलं नसतं. पुढच्या ओळीत निदानही होतं: प्रॉब्लेम कोड २८. याचा अर्थ ड्रायव्हर बसवलेला नाही. "परवा अपडेट चालू असताना लॅपटॉप बंद केलात का?" असं विचारल्यावर बाबा मागून म्हणाले, "किती वेळ नुसतं गोल गोल फिरत होतं गं ते!"

आता अडचण अशी की ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट आणणारा ड्रायव्हरच नाही. आईचा अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि फोनच्या सेटिंगमधलं यूएसबी टेदरिंग सुरू केलं. लॅपटॉपला फोन हेच एक नवं नेटवर्क कार्ड वाटतं, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. मग एएक्स२०० चा ड्रायव्हर उतरवला. मॉडेल नक्की माहीत होतं, म्हणून 'सगळे ड्रायव्हर मोफत' म्हणणाऱ्या संशयास्पद साइट्सच्या वाट्याला जावं लागलं नाही. हा माझ्या मते या आज्ञेचा सगळ्यात मोठा फायदा.

दुकानदार बरोबर निघण्याची शक्यताही होती. लांब यादीतही नेटवर्कचं काहीच सापडलं नसतं, तर कार्ड खरंच गेलेलं, खाचेतून सैल झालेलं किंवा बायॉसमधून बंद केलेलं असतं. तेव्हासुद्धा आधी कार्ड काढून पुन्हा बसवून बघायला सांगा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते बोटभर लांबीचं, एका स्क्रूने धरलेलं असतं आणि सुटं बदलता येतं. काहींमध्ये ते बोर्डावरच डकवलेलं असतं, तिथे इलाज नाही.

लिनक्सवाल्यांना हे सगळं फार सोपं आहे: एलएसपीसीआय, आणि पुढे आडवी रेघ लावून दोनदा एन. चेक प्रोग्रॅमर मार्टिन मारेश यांनी लिहिलेलं हे साधन आकडे आणि नावं दोन्ही दाखवतं. आकड्यांवरून नावं काढायची यादी जगभरच्या लोकांनी भरत आणलेली आहे. दोन एनऐवजी एक के लावलंत, तर कुठल्या कार्डाला कुठला ड्रायव्हर लागलाय तेही कळतं. यूएसबीच्या खाचेत लावलेलं बाहेरचं वायफाय इथे दिसणार नाही, त्यासाठी एलएसयूएसबी.

एक गल्लत मात्र टाळा. गेटमॅक दाखवतं तो मॅक पत्ता म्हणजे हा क्रमांक नव्हे. मॅक पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरूनही कंपनी ओळखता येते, पण तो सॉफ्टवेअरने बदलता येतो. हल्लीचे फोन तर माग काढता येऊ नये म्हणून प्रत्येक वायफायला वेगळाच, मनाने बनवलेला पत्ता सांगतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो असा बनवलेला पत्ता आहे असं धरून चाला. कार्ड ओळखायला त्याचा उपयोग नाही.

त्या रविवारी हे सगळं आटपेपर्यंत आमच्याकडे दहा वाजून गेले होते आणि लेक झोपली होती. सोमवारी शाळा असूनही सकाळी साडेसहाला उठवून तिला बसवलं. साताऱ्यात संध्याकाळचे सात. बाबा पडद्याजवळ वाकून म्हणाले, "दात पडला वाटतं पुढचा!"