आजचे बाजारभाव

आमच्या घरी कॅलेंडर वर्ष संपल्यावर रद्दीत जात नसे. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी माजघरातल्या खुंटीवर जुनी कॅलेंडरं एकावर एक टांगलेली असत. त्यांच्या तारखांच्या चौकोनांत वडिलांच्या बारीक अक्षरात दोन आकडे असायचे. वरचा शिसपेन्सिलीने लिहिलेला, तो रेडिओचा. खालचा शाईने, तो पट्टीचा. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून हाती पडणारा हिशेबाचा कागद. वरचा आकडा जवळपास रोज असे, खालचा महिन्यातून दोन-चार वेळाच. वडील गेल्यावर ही कॅलेंडरं माझ्याकडे आली आणि या लेखाचा विषय तिथूनच सुरू झाला. या दोन आकड्यांत अंतर का पडत असे, आणि वरचा आकडा ऐकल्याने खालचा कधी वाढला का?

बाजारभाव संध्याकाळच्या शेतकरी कार्यक्रमात लागत. पण त्यांची खरी चर्चा व्हायची दुसऱ्या दिवशी सकाळी. सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की आमच्या ओट्यावर चार-पाच माणसं चहाला जमत. बातम्यांत पाऊस, संप, रेल्वे, निर्यातबंदी असं काही आलं की कालच्या भावाशी त्याचा ताळा लावला जाई. वाघिणी मिळत नाहीत म्हणजे माल अडणार, माल अडला म्हणजे भाव पडणार. हे अर्थशास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

रेडिओवरून शेतमालाचे भाव सांगण्याची कल्पना जवळपास रेडिओइतकीच जुनी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1920 च्या डिसेंबरात बिनतारी संदेशांतून, म्हणजे कट्ट-कडकट्ट करत, बाजाराच्या बातम्या पाठवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या केंद्रावरून त्या माणसाच्या आवाजात ऐकू येऊ लागल्या. आपल्याकडे मुंबईचं केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं, पण खेड्यात रेडिओ पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली.

आणि भाव सांगायचा तर आधी तो उघड झालेला हवा. ही अट वाटते तितकी साधी नाही. रुमालाखाली बोटं दाबून सौदा होई, तेव्हा शेजारच्या गाडीवाल्यालाही भाव कळत नसे. मग तो आकाशवाणीला कोण कळवणार? वऱ्हाडात कारंज्याला 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा आला, आणि महाराष्ट्र राज्याचा बाजार समित्यांचा कायदा 1963 चा. उघड लिलाव आणि नोंदवही या दोन गोष्टी बाजार समितीने आणल्या, म्हणून निवेदकाच्या हातात वाचायला कागद आला. वजनांचाही घोळ होताच. मण प्रत्येक पेठेत वेगळा. 1958 पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा कुठे लासलगावचा भाव आणि पुण्याचा भाव एकाच मापात बोलता येऊ लागला. वडिलांच्या पिढीला क्विंटल जिभेवर बसायला मात्र वेळ लागला. भाव ऐकून ते पुटपुटत मणाचा हिशेब करत.

इथे 1956 सालच्या एका प्रयोगाची आठवण द्यायला हवी, कारण त्याची आपल्याकडे फारशी कुणाला कल्पना नसते. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी वीस कार्यक्रम केले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं नेमली. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, नंतर त्यावर चर्चा करायची, आणि प्रश्न केंद्राला लिहून कळवायचे. कल्पना कॅनडातली होती. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने त्याचं मूल्यमापन केलं, आणि मंडळं असलेल्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढल्याचं त्याला दिसलं. ऐकण्यापेक्षा ऐकून बोलण्याने फरक पडतो, असं त्या प्रयोगातून मला उमगतं. आमचा ओटा हे असंच एक बिनसरकारी मंडळ होतं, एवढंच.

आता त्या आकड्याकडे वळू. रेडिओवर एका मालाचे तीन भाव असत: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. त्याआधी आवक. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र जास्तीत जास्तच राहतो. हा भाव अनेकदा एखाद-दुसऱ्या ट्रॉलीचा असतो: निवडलेला, एकसारखा, रंगदार, पत्ती सुटलेली नाही असा माल. कमीत कमी भाव गोल्टीचा किंवा भिजलेल्या मालाचा. सर्वसाधारण म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो. दोन टोकांची बेरीज करून दोनने भागलेला नव्हे. शेतकऱ्याने बघायचा तो हा. पण आपला माल सर्वसाधारण आहे हे कबूल करायला कोण तयार असतो?

दुसरी गोष्ट, रेडिओचा भाव पेठेतला आहे, खळ्यावरचा नाही. त्यातून आडत, हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा व्हायचं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: तो कालचा किंवा सकाळचा आहे. आपण गाडी भरून पोचू तेव्हाचा नाही.

हे आम्हाला एका उन्हाळ्यात नीट कळलं. मी तेव्हा नववीत होतो. ताईचं लग्न ठरलेलं, आणि चाळीत कांदा भरलेला. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, म्हणून कधी विकायचा हा प्रश्न तरी पडतो. खरिपाचा लाल कांदा ती सवलतही देत नाही. एका संध्याकाळी आमच्या नेहमीच्या पेठेपेक्षा दूरच्या एका बाजाराचा भाव चांगलाच चढा लागला. सकाळी ओट्यावर एकमत झालं. रात्रीतून गाडी भरली. मी हट्टाने बरोबर गेलो. पोचलो तर आवाराबाहेर रस्त्यापर्यंत रांग. तालुक्यातल्या निम्म्या ओट्यांवर त्या सकाळी तेच एकमत झालेलं होतं. आमचा लिलाव दुपारनंतर झाला, तोवर भाव उतरला होता. परतीचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून दिला. त्या दिवशीच्या चौकोनात शाईचा आकडा आहे आणि त्याच्याखाली एक शब्द: ‘सगळे’. लग्न झालं, पण मागच्या बाजूच्या दोन बिघ्यांवर कर्ज चढलं ते मी नोकरीला लागेपर्यंत.

यात रेडिओ खोटं बोलला नव्हता. सांगितलेला भाव खराच होता. पण तो सगळ्यांना एकाच वेळी सांगितला गेला होता, आणि ऐकणाऱ्यांनीच तो पाडला.

मग भाव सांगून उपयोग काय, असं म्हणावं का? इथे दोन अभ्यास समोर ठेवतो. युगांडात 2000 साली रेडिओवरून जिल्ह्याजिल्ह्याचे बाजारभाव सांगणारी सेवा सुरू झाली. स्वेन्सन आणि यानागिझावा या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवलं की ज्या भागात ही सेवा होती तिथल्या रेडिओवाल्या शेतकऱ्यांना मक्याला सुमारे 15 टक्के जास्त भाव मिळाला. याउलट महाराष्ट्रातल्या शंभर गावांत फाफशां आणि मिन्टेन यांनी मोबाइलवर भाव आणि हवामान कळवणाऱ्या एका सेवेचा प्रयोग तपासला. 2012 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की शेतकऱ्यांनी माहिती वापरली, पण त्यांना मिळालेल्या भावात लक्षणीय फरक पडला नाही.

आकडे परस्परविरोधी वाटतात, पण मला ते आमच्या कॅलेंडरातल्यासारखेच वाटतात. युगांडात व्यापारी शेतकऱ्याच्या दारात येऊन मका घेतो. तिथे पेठेतला भाव फक्त व्यापाऱ्याला ठाऊक असतो आणि रेडिओ ही तफावत मोडतो. दारातल्या घासाघिशीत ‘रेडिओवर इतका लागला’ या वाक्याला वजन असतं. आपल्याकडे, निदान कांद्याच्या पट्ट्यात, माल लिलावात जातो. भाव शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत पुकारला जातो आणि गाडीवर उभं राहून कालच्या रेडिओचा दाखला देऊन बोली वाढत नाही. उरतं ते एवढंच, कुठे न्यायचा आणि कधी न्यायचा. त्यातही ज्याला थांबणं परवडतं त्यालाच ‘कधी’चा उपयोग. हा माझा तर्क आहे, त्या संशोधकांच्या माथी मारत नाही.

मी पेन्सिल आणि शाईचे आकडे जोडीने उतरवून काढले. दरवर्षी शाई खालीच आहे, ते अपेक्षितच. पण एक गोष्ट नजरेत भरली. त्या उन्हाळ्यानंतर वडिलांनी जास्तीत जास्त भाव लिहिणं बंद केलं. पुढच्या कॅलेंडरांत वरच्या कोपऱ्यात सर्वसाधारण भाव आहे आणि त्याच्या शेजारी, आधी कधीच नसलेली, आवक. दूरच्या पेठेची पट्टी पुन्हा एकदाही नाही.

पुतण्या आता शेती बघतो. फोनवर पाच बाजारांचे भाव त्याला दुपारीच दिसतात. तरी गाडी भरण्याआधी तो ओळखीच्या टेम्पोवाल्याला फोन लावतो आणि भाव विचारत नाही. विचारतो, ‘रांग कुठवर आहे?’